नाइट ड्यूटीच्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तोंडावर आभार मानायला आले असते तर "जा, अभ्यास कर" म्हणून तुम्ही मला पिटाळलं असतं. म्हणून सगळ्यांदेखत हे पत्र.

फायनल इयरला मेडिसिनच्या प्रॅक्टिकलमध्ये मी नापास झाले. थिअरी निघाली होती, पण दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लाँग केसच्या, म्हणजे सविस्तर तपासायला दिलेल्या पेशंटच्या, कागदावर मी श्वासाचा दर 16 लिहिला होता. न मोजता. परीक्षकांनी "मोजलेस?" एवढंच विचारलं आणि पेशंटच्या छातीकडे बोट दाखवलं. ते काका मिनिटाला 28 तरी श्वास घेत होते. इतका वेळ मी त्यांच्या शेजारी उभी होते, तरी मला ते दिसलं नव्हतं.

बॅचची मुलं इंटर्नशिपला लागली. ज्या वॉर्डात ती रक्त काढायची, डिस्चार्ज कार्डं लिहायची, तिथेच मी पुन्हा विद्यार्थी. कुणाची गाठ पडू नये म्हणून पहाटे 5 वाजता येऊन बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचे. चार-पाच दिवसांनी तुम्ही बाहेर आलात. काय झालं, का बसलीस, काही विचारलं नाहीत. "टीपीआर घ्यायचेत. चल डॉक्टर, थर्मामीटर धर." टीपीआर म्हणजे ताप, नाडी आणि श्वास.

वॉर्ड भरलेला, जमिनीवरही गाद्या, आणि रात्रभर तुम्ही दोघीच. त्यातून वेळ काढून तुम्ही मला शिकवलंत की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं, अजून नाडीच बघतेय. तेवढ्यात पोटाची हालचाल बघत श्वास मोजून घ्यायचे. श्वास मोजतेय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. आणि पूर्ण मिनिट मोजायचं, 15 सेकंदांना चारने गुणायचं नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. हाताला ते तुम्ही लावलंत.

खाट नंबर 14 च्या आजी आठवतात? लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेली, नाडीच्या एका ठोक्याला दुसऱ्याचा मेळ नाही. तुम्ही युनिफॉर्मला लावलेलं घड्याळ काढून चादरीवर ठेवलंत. मी छातीवर स्टेथोस्कोप, तुम्ही मनगट. "सुरू." माझे 112, तुमचे 86. मला वाटलं, माझंच चुकलं. तुम्ही म्हणालात, "परत मोजू." पुन्हा 110 आणि 88. आजी म्हणाल्या, "दोघींचं जुळंना का गं?" काही ठोके हृदयात पडतात पण मनगटापर्यंत पोचत नाहीत, हे त्यांना समजावताना मला ते पहिल्यांदा नीट समजलं. हा फरक, म्हणजे पल्स डेफिसिट, मोजायला दोघं लागतात, सिस्टर. त्या दिवसांत माझ्या जोडीला तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात.

डॉक्टर कुणी घडवले हे सांगताना सिस्टरांचं नाव कुणी घेत नाही. मला ते फार लागतं. निकालाची वाट न बघता मी हे लिहिलं, कारण माझे आभार निकालावर अवलंबून नाहीत.

परवा फेरपरीक्षेची थिअरी संपली. सोमवारी प्रॅक्टिकल. रविवारी रात्री तुमची ड्यूटी आहे, रोस्टर बघून आले. पहाटे 5 ला येते. सेकंदकाट्याचं घड्याळ घेतलंय.

तुमची,
बाकावरची मुलगी