पाडव्याला चादरीवर पिक्चर

प्रिय राणी,

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला गं. रिप्लाय टाईप करायला घेतला की कोणीतरी पोरगं फोन मागायला दारात हजर, म्हणून आज सगळे झोपल्यावर निवांत लिहायला बसलेय. तू विचारलंस ना, तिकडे बीडच्या धारूर तालुक्यात जाऊन नक्की करतेस काय, पोरांना रील्स शिकवतेस का. रील्स त्यांना आधीच येतात, 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा यांचे मोठे भाऊ त्यावर होते, एडिटिंगचं ॲप तर सातवीतला पोरगा डोळे मिटून चालवतो. माझं काम वेगळंच आहे आणि ते मला स्वतःला कळायला चार महिने लागले.

तुला माहितीय, इथली अर्धीअधिक घरं ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरून कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत टोळ्या जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की मार्च-एप्रिलला परत. मधले पाच-सहा महिने पोरं आज्जीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. माझ्याकडे अशी अकरा पोरं आहेत, चौदा ते अठरा वर्षांची, सात मुली नि चार मुलं. प्रत्येकानं तीन मिनिटांच्या आतला एक व्हिडिओ करायचा, आपल्या गावातला, आपल्याला जे दाखवावंसं वाटतं त्याचा, एवढंच.

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? एका मुलाला म्हणलं, चल कॅमेऱ्यासमोर उभा राहा, आवाज टेस्ट करू, स्वतःबद्दल काहीपण बोल. तो उभा राहिला, शर्ट नीट केला आणि मला विचारतो, "ताई, रडायचं का?"

मला काही बोलताच येईना. नंतर लक्षात आलं की या पोरांनी कॅमेरा असाच बघितलाय. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या ऑपरेशन करून काढल्याची बातमी देशभर गाजली, तेव्हा जिल्ह्यात किती कॅमेरे येऊन गेले. ती बातमी यायलाच पाहिजे होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पोरांनी त्यातनं एवढंच उचललं की बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन येतो तेव्हा आपण दुःखी दिसायचं असतं. एकतर हे, नाहीतर रीलमधलं गाण्यावर ओठ हलवणं, किंवा मग माईक धरून "कॅमेरामनसह मी अमुक तमुक". या तिन्हीत ते पोरगं स्वतः कुठंच नसतं गं.

म्हणून मी पहिले पंधरा दिवस बोलायला बंदीच घातली. फक्त एक वस्तू किंवा एक जागा बघायची, फोन आडवा धरायचा, कोपरं पोटाला टेकवायची आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. झूम नाही, गाणं नाही. तुला सोपं वाटेल पण दहा आकडे खूप मोठे असतात, तिसऱ्या आकड्याला पोरांचा हात सुटतो कारण रीलमध्ये तोवर दुसरं काहीतरी आलेलं असतं. पण जे थांबले त्यांना दिसायला लागलं. एकीनं पाचटाच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं घेतलं, एकानं बंद घराचं कुलूप, त्या कुलपाला आईनं प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पाणी जाऊन गंजू नये म्हणून. ती पिशवी आपल्याला दिसली नसती राणी, आपण नुसतं कुलूप बघितलं असतं.

बाकी तांत्रिक गोष्टी थोड्याच. चित्र थोडं खराब चालतं पण आवाज खराब झाला की माणूस बघायचं सोडतो, म्हणून वायरवाल्या इयरफोनचा माईक कॉलरला पिन लावून अडकवतो, वारं असलं की त्यावर रुमालाचा तुकडा. दाराकडं पाठ करून माणसाला बसवायचं नाही, तोंड काळं येतं. आणि शूट करताना फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन वेळी कॉल येतो नि रेकॉर्डिंग तुटतं. खरी अडचण फोनचीच आहे. घरात एक फोन, तो आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेलेला, दुसरा असलाच तर भावाकडं, पोरींच्या हातात संध्याकाळी अर्धा तास. म्हणून मी जुने चार फोन जमवलेत, ते पाळीपाळीनं फिरतात आणि एका वहीत सही करून नेतात.

आता त्या पोरीबद्दल सांगते जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. नववीत आहे. तिनं विषय घेतला, रात्रीचा फोन. कोनाड्यात फोन ठेवलेला, कारण घरात तिथंच रेंज येते, आज्जी भिंतीला टेकून बसलीय, दोघी वाट बघतायत. फोन येतो. आई विचारते जेवलीस का, आज्जी ओरडून सांगते इकडं सगळं बरंय, पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज, कोणीतरी वाढे उचल वाढे उचल म्हणतंय (वाढे म्हणजे उसाचे शेंडे), मग फोन कट. आज्जी फोनकडं बघत तशीच बसून राहते. दोन मिनिटं चाळीस सेकंद, बस्स.

आणि मी काय केलं, एडिटला बसले तेव्हा तिला न विचारता शेवटी बासरी टाकली आणि आज्जीच्या चेहऱ्यावर हळूच झूम. मला मनापासून वाटलं छान झालंय. तिनं बघितलं, शांतपणे फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, आमच्या घरात असं काही वाजत नाही."

त्या रात्री मला झोप नाही आली. मी पण तेच करत होते ना, तिला रडायला सांगत होते, फक्त बासरीनं. दुसऱ्या दिवशी सगळं काढलं आणि तेव्हापासून नियम केलाय की एडिटिंगच्या वेळी फोन माझ्या हातात येणारच नाही. मी शेजारी बसते, विचारलं तर सांगते.

कॉलेजात आपण ते फोगो बेटाचं वाचलं होतं, आठवतंय? कॅनडात, 1967 साली, सरकार तिथल्या मच्छीमारांना बेट सोडून दुसरीकडं वसवायच्या विचारात होतं आणि कॉलिन लो नावाचे दिग्दर्शक लोकांच्या छोट्या छोट्या फिल्म करायला गेले. तेव्हा मला त्यातलं एवढंच लक्षात राहिलं होतं की लोकांनी पुढं मच्छीमारांची सहकारी संस्था काढली आणि बेट सोडलं नाही. आता वाटतं खरी गोष्ट दुसरीच होती, जो फिल्ममध्ये आहे त्याला आधी दाखवायचं, त्यानं हो म्हटल्याशिवाय दुसऱ्या कोणाला नाही. आणि आपल्याच अहमदाबादेत, 1984 मध्ये सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या भाजी विकणाऱ्या, लिहितावाचता न येणाऱ्या बायकांनी व्हिडिओ कॅमेरा शिकून घेतला होता, केवढा जड असेल तो! त्यांना जमलं तर माझ्या पोरांना न जमायला काय झालं.

तर तोच नियम आम्ही लावला. पोरीनं आईला फोनवर विचारलं, कारण आवाज आईचा आहे. आई म्हणाली मधला तो तुकडा नको, ज्यात ती ट्रॅक्टर रात्री उशिरा आला आणि मुकादम काय बोलला ते सांगते. उचल फिटायचीय अजून, गावात मुकादमाचे भाऊबंद आहेत. पोरीनं वीस सेकंद काढून टाकले. मला ते वीस सेकंद फार महत्त्वाचे वाटत होते, तरी मी तोंडातनं एक शब्द काढला नाही, कारण परिणाम तिच्या आईला भोगायचेत, मला नाही.

मुलांच्या ग्रुपनं हापशाचा केला. दांडा तुटलेला, एक पोरगी सकाळी लांबच्या विहिरीवर किती खेपा करते ते त्यांनी मोजलं, नऊ. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दाखवला, आधी गावाची बदनामी करता का म्हणून आवाज चढले, पण शेवटपर्यंत बघितलं आणि आठ दिवसात दांडा बसला. गोव्यातली व्हिडिओ व्हॉलंटियर्स ही संस्था वर्षानुवर्षं हेच करते, प्रश्नाचा एक व्हिडिओ आणि प्रश्न सुटला की दुसरा, तसा आमच्या पोरांनी पण दुसरा केला, दांडा मारताना हसणाऱ्या बायकांचा.

आता प्रॉब्लेम असा की पैसे देणारी माणसं भेटायला आली की त्यांना हापसाच आवडतो. किती प्रश्न सुटले तो आकडा टाकता येतो. रात्रीच्या फोननं काहीच सुटलं नाही, आई अजून फडावरच आहे, रेंज अजून कोनाड्यातच येते. पण ती पोरगी आधी वर्गात हजेरीला सुद्धा नीट आवाज काढायची नाही आणि आता तिनं मला, ताईला, तोंडावर सांगितलं की हे माझं नाहीये. हे मी कुठल्या रकान्यात लिहू सांग.

तिनं ठरवलंय की तिचा व्हिडिओ आई परत येईपर्यंत कोणालाच दाखवायचा नाही, पहिली आई बघणार. बहुतेक टोळ्या गुढीपाडव्याच्या आसपास येतील असं म्हणतायत. तेव्हा समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून सगळ्यांचे व्हिडिओ दाखवायचेत, प्रोजेक्टर एका शिक्षकांनी कबूल केलाय, स्पीकर लग्नवाल्याकडून आणू. तू ये. एसटीनं अंबाजोगाईपर्यंत ये, पुढं मी न्यायला येते. आणि येताना तुझा तो कपाटात पडलेला जुना फोन आण, स्क्रीन फुटलेली असली तरी चालेल, कॅमेरा आणि माईक चालू आहे का तेवढं बघ. चार्जर विसरू नको.

तुझीच,
मी