ड जीवनसत्त्व : आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली जाते

संपादक महोदय,

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सर्रास मिळते. कमतरता असल्यास ती आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायची असते. पण पाकिटावर बहुधा ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’ एवढेच, तेही इंग्रजीत. रक्तदाबाची गोळी रोज घेणारी वृद्ध माणसे हीसुद्धा रोज घेऊ लागतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीची रोजची गरज ६०० युनिट आणि कमाल सुरक्षित मर्यादा ४,००० युनिट आहे. म्हणजे रोज एक कॅप्सूल घेतली तर मर्यादेच्या पंधरापट! हे जीवनसत्त्व शरीरातील चरबीत साठते, त्यामुळे कॅप्सूल थांबवल्यावरही रक्तातले कॅल्शियम कित्येक आठवडे चढे राहू शकते. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि लघवी, भ्रमिष्टपणा ही लक्षणे वयोमानाच्या नावावर खपून जातात आणि तोवर मूत्रपिंडाला इजा झालेली असते. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी औषधे चालू असतील तर धोका आणखी वाढतो, कारण ही औषधे लघवीतून कॅल्शियम कमी जाऊ देतात.

हेच जीवनसत्त्व कमी मात्रेत ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली विकले जाते. ते विकायला औषधविक्रीचा परवाना लागत नाही. डबीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असेल तर ते अन्न, औषध उत्पादन परवान्याचा क्रमांक असेल तर औषध. घरात मात्र दोन्ही एकाच डब्यात असतात, शिवाय कॅल्शियमच्या गोळीतही ड असते. बेरीज कोणीच करत नाही.

मूळ अडचण कायद्यात आहे. १९४५ च्या औषध नियमांत ‘एच’ आणि ‘एच-१’ या चिठ्ठीच्या औषधांच्या अनुसूची आहेत. ‘एच-१’ची तर विक्री वहीत नोंदवून ती तीन वर्षे जपावी लागते. पण चिठ्ठीविना काय, किती आणि कोणत्या सूचनेसह द्यावे, याची स्पष्ट यादी नाही. ती केंद्राने करावी. तोपर्यंत ६०,००० युनिटच्या चारपेक्षा जास्त कॅप्सूल चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ हे मराठीत ठळक छापावे आणि फार्मासिस्टने घेण्याचा वार पेनाने लिहून द्यावा. आपल्या राज्यात अन्न आणि औषध एकाच प्रशासनाकडे आहे, तेव्हा दोन्हींची तपासणी एकत्र करायला अडसर नसावा.

ज्यांच्या घरी ही कॅप्सूल रोज घेतली गेली असेल, त्यांनी ती आणि कॅल्शियमच्या गोळ्या लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. फक्त ड जीवनसत्त्वाची तपासणी पुरत नाही. रक्तातले कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही तपासून घ्यावे.

— एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, सातारा