गरम पाणी गच्चीवर आहे, नळाला नाही

संपादक महोदय,

इमारतीच्या वीजबचतीचा विषय निघाला की सभेत पहिला प्रस्ताव येतो तो नव्या यंत्राचा. हीट पंप घ्या, सोलर वाढवा, नाहीतर सगळ्या मोटारी बदला. लगेच दरपत्रके मागवली जातात. गच्चीवर तापलेले पाणी खालच्या नळाला कोमट का येते, हे मात्र कुणी जिना चढून पाहत नाही.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४.६५ युनिट लागतात. कॉइलचा गीझर स्वस्त असो की महाग, हा आकडा हलत नाही. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तो हेच काम साधारण दीड युनिटात करू शकतो. पण तापवलेले पाणी पाइपातच निवले तर दोन्हींचा खर्च वाया. आतून २५ मिलिमीटर असलेल्या पाइपात मीटरला जवळपास अर्धा लिटर पाणी मावते, म्हणजे ३० मीटरच्या उभ्या लाइनीत १५ लिटर. रात्रभर निवलेले हे पाणी सकाळी नळ उघडणारा पहिला माणूस मोरीत सोडून देतो. लाइनीला वेष्टण हवे ते एवढ्यासाठी. नायट्रिल फोम उत्तम, पण उन्हात उघडा ठेवला तर त्याचे तुकडे पडू लागतात, म्हणून गच्चीवर त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवावा. सरळ पाइप गुंडाळून एल्बो (वळणाचे जोड), व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प (पाइप धरणाऱ्या पट्ट्या) उघडे सोडायची पद्धत जवळपास सार्वत्रिक आहे.

वेष्टण चोख असूनही तक्रार राहिली, तर संशय मिक्सरवर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळावर घ्यावा. गरम पाणी टाकीतून आपल्या वजनाने उतरते आणि थंड पाणी प्रेशर पंपाने येते, अशी रचना असेल तर एक घर साऱ्या इमारतीचे पाणी निववू शकते. मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे आणि पुढे हँड शॉवरचे बटण तेवढे बंद, अशी स्थिती झाली की थंड पाणी दाबाने गरम लाइनीत घुसते. खातरजमा सोपी आहे. टाकीतून निघणाऱ्या गरम लाइनीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि सर्वांत खालच्या घरातला गरम पाण्याचा नळ उघडा. लाइनीतले पाणी संपल्यावर धार थांबली पाहिजे. ती चालूच राहिली तर पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून येते आहे. मग एकेका घराचा गरम पाण्याचा कॉक बंद करत जा. ज्या घराशी धार थांबेल, तिथे दोष. त्या मिक्सरच्या गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला की काम झाले.

सोलरच्या टाकीतला बॅकअप हीटर, म्हणजे ऊन कमी पडल्यास विजेने पाणी तापवणारी कॉइल, हा दुसरा छुपा चोर. तो कायम चालू ठेवला तर सकाळच्या वापरानंतर आलेले थंड पाणी विजेनेच तापते आणि ऊन येईपर्यंत सूर्याला काही काम उरत नाही. त्याला टायमर लावून पहाटेचा तास-दोन तासच चालू ठेवावा. मात्र बचतीच्या नावाखाली साठ्याचे तापमान ४० अंशांवर आणू नये. लिजिओनेला हे न्यूमोनियासारखा आजार करणारे जिवाणू कोमट पाण्यात वाढतात, म्हणून साठा ६० अंशांवर असावा.

विजेच्या बाजूला, जिन्यातली चोकची ट्यूब काढून एलईडी लावणे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर जागा दवडत नाही. पंपाचे मात्र मोजमाप करा. १०,००० लिटर पाणी ३० मीटर चढवायला भौतिकशास्त्र ०.८२ युनिट मागते. पंप-मोटारीची घट आणि पाइपातले घर्षण धरून दीड-दोन युनिट ठीक. मीटर तीनच्या वर फिरत असेल तर इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) झिजला आहे, व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा पंप थांबल्यावर पाणी परत खाली उतरते आहे. अशा पंपाला वेगनियंत्रक जोडून फारसे हाती लागत नाही, कारण उंची तीच राहते. गरम पाणी फिरवणाऱ्या पंपाची गोष्ट वेगळी. तिथे उंचीचा प्रश्न नसतो, म्हणून वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्मी लागते.

नवा भार जोडण्याआधी मुख्य पॅनेलचे सांधे तपासावेत, तेही परवानाधारकाकडून, पुरवठा बंद करून. अॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला (पॅनेलमधली वीज वाटणारी पट्टी) साध्या लगने, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडतुकड्याने, जोडली की सांधा गंजतो, रोध वाढतो, सांधा तापतो आणि इन्सुलेशन काळवंडते. तिथे अॅल्युमिनियम आणि तांबे अशा दोन धातूंचा द्विधातू लग हवा. एलईडी आणि संगणकांमुळे तिन्ही फेजमधली तिसऱ्या पटीची हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट, नऊपट अशा वारंवारतेचे जादा प्रवाह) न्यूट्रलमध्ये, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या सामाईक तारेत, एकमेकींना छेदत नाहीत, उलट साचतात. जुन्या इमारतींतली निम्म्या जाडीची न्यूट्रल म्हणूनच तापते. एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरचा बसवणारे तर आगीलाच परवानगी देतात.

एवढे झाल्यावर नळाला खरोखर किती गरम पाणी लागते ते आठवडाभर मोजून मगच हीट पंपाची क्षमता ठरवावी. त्याची जागा उघड्यावर असू द्या. बंद खोलीत तो स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढतो आणि दीड युनिटाचा हिशेब तिथेच बिघडतो.

– इमारतींच्या पाणी व वीज व्यवस्थेची कामे करणारे काही अभियंते