अचूकतेची टक्केवारी आणि हजारातली माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकशास्त्रातले संशोधन दवाखान्यात आणि वर्गात वापरण्याविषयी जे छापून येते, त्यात बहुधा एकच आकडा मिरवला जातो: '९० टक्के अचूक'. आकडा खोटा नसतो, पण दवाखान्यासाठी किंवा शाळेसाठी सॉफ्टवेअर खरेदी करणाऱ्याला त्यातून फारसे काही कळत नाही.

समजा, एखादे सॉफ्टवेअर खऱ्या रुग्णांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना निरोगीच ठरवते. तज्ज्ञांच्या रुग्णालयात येणाऱ्या हजारांपैकी ३०० जणांना तो आजार असेल, तर २७० सापडतात, ३० सुटतात आणि ७० निरोगी लोक उगाच अडकतात. संशयित ठरलेल्या ३४० पैकी २७० खरे, हे चांगलेच. आता तेच सॉफ्टवेअर सरसकट तपासणीसाठी वापरा. तिथे हजारात १० जणच आजारी. सापडतील ९, आणि त्यांच्यासोबत ९९ निरोगी. पुढच्या तपासणीला १०८ जण पाठवायचे, त्यातले ९ खरे. सॉफ्टवेअरमध्ये काडीचाही बदल झालेला नाही, बदलली ती समोरची माणसे. कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वर गेले की माणूस संशयित ठरतो तो आकडा, वर नेला की खोटे इशारे कमी होतात, पण सुटणारे रुग्ण वाढतात. तो कुठे ठेवायचा हे विक्रेत्याने परस्पर ठरवू नये. पुढे तपासायला किती डॉक्टर आहेत हे रुग्णालयालाच ठाऊक असते.

प्रत्यक्ष जागेवर काय बिघडते, याचे बोलके उदाहरण थायलंडमधले. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा ओळखणारी गूगलची प्रणाली तिथल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिली गेली, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के प्रणालीने दर्जा कमी म्हणून नाकारली. बऱ्याच ठिकाणी अंधारी खोली नव्हती. उजेडात डोळ्याची बाहुली पुरेशी मोठी होत नाही आणि चित्र काळपट येते. त्यातच संथ इंटरनेटमुळे रांग तुंबायची. म्हणून 'नाकारलेल्या चित्रांचे काय?' हा प्रश्न करार करण्याआधीच विचारावा. अचूकतेच्या हिशेबातून ती वगळली असतील, तर आकडा आपोआप फुगतो.

छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखण्याबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळाच घोळ दिसला. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे, हे मॉडेल (जुनी चित्रे दाखवून प्रशिक्षण दिलेले सॉफ्टवेअर) जवळजवळ बिनचूक ओळखू शकत होते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण जास्त असेल, तर फुप्फुसाकडे न पाहताही बरे गुण पडतात! तेव्हा चाचणी पूर्णपणे परक्या रुग्णालयातल्या चित्रांवर घ्यावी आणि एकाच रुग्णाची चित्रे प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्हींत विभागली गेलेली नसावीत.

बसवल्यानंतर काही महिने सॉफ्टवेअर मुकाट चालवावे: निकाल नोंदवायचे, पण उपचार करणाऱ्यांना दाखवायचे नाहीत. 'निरोगी' ठरलेल्यांतूनही काही जण चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत, नाहीतर सुटलेले रुग्ण कधीच मोजले जात नाहीत. आजार हजारात १० जणांना असेल, तर ५० रुग्ण पाहायला ५,००० तपासण्या लागतात. दोनशे जणांवरची चाचणी म्हणजे नुसते प्रात्यक्षिक.

शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच घोळ जरा लपून बसतो. मुलाला एखादे कौशल्य किती आले, याचा अंदाज बांधण्याची १९९० च्या दशकापासून रुळलेली एक पद्धत चार शक्यता धरते: आधीच येत असण्याची, प्रत्येक प्रश्नागणिक शिकण्याची, अंदाजाने बरोबर येण्याची आणि येत असून चुकण्याची. पहिली ०.३, दुसरी ०.२ आणि चौथी ०.१ धरा. अंदाजाची शक्यता ०.०५ ठेवली, तर लागोपाठ दोन बरोबर उत्तरांत कौशल्य आल्याचा अंदाज ०.९५ ची, म्हणजे 'शिकून झाले' मानण्याची नेहमीची रेषा ओलांडतो, ०.२५ ठेवली, तर तीन लागतात. प्रश्नाला चार पर्याय असतील, तर डोळे मिटून दोन बरोबर येण्याची शक्यता १६ त १ असते. म्हणजे ०.०५ धरून काहीच न येणारी ४० मुले बसवली, तरी सरासरी दोन-तीन जणांवर 'शिकून झाले' असा शिक्का बसेल, आणि तोही प्रत्येक कौशल्यागणिक. उपाय साधा आहे: उत्तर निवडायला न लावता लिहायला लावावे. काही मुले 'मदत' हे बटण दाबत दाबत शेवटच्या सूचनेतले उत्तर उतरवतात. मदत घेऊन आलेले उत्तर बरोबर म्हणून मोजू नये. आणि अंतिम परीक्षा काही आठवड्यांनी, सॉफ्टवेअरच्या बाहेर, कागदावर घ्यावी.

शाळेत प्रयोग करताना एकाच वर्गातली निम्मी मुले सॉफ्टवेअरला आणि निम्मी फळ्यापुढे असे करू नये. मुले एकमेकांना सांगतातच. अख्खे वर्ग चिठ्ठ्यांनी वाटावेत. मात्र मग तुलना वर्गांची होते. ५०-५० मुलांचे दोन वर्ग घेतले, तर हाती शंभर नव्हे, दोनच नमुने असतात, आणि दिसलेला फरक सॉफ्टवेअरचा की शिक्षकाचा, हे सांगता येत नाही.

आपला,
एक वाचक