तीन पत्तीची सवय आणि पंजीची जोडी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीत आमच्या खानापूर तालुक्यात घरोघरी सोप्यात पत्ते निघतात आणि अलीकडे तरुण मुले तीन पत्तीऐवजी पोकर मांडून बसतात. आमच्याकडे हा डाव चिंचोक्यांवरच होतो. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यास २०२५ च्या केंद्रीय कायद्याने घातलेली बंदी मला योग्यच वाटते. मात्र मुलांच्या खेळात तीन पत्तीची एक सवय घट्ट बसली आहे, तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

तीन पत्तीत २२,१०० संभाव्य हातांपैकी १६,४४० हातांत साधी जोडीही नसते, त्यामुळे दुर्रीची जोडी आली तरी माणूस निर्धास्तपणे चाल करतो. पोकरमध्ये हातातल्या दोन पत्त्यांखेरीज पाच पत्ते मध्ये उघडायचे असतात आणि त्यांतला प्रत्येक मोठा पत्ता लहान जोडीचा जीव कमी करतो.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याकडे पंजीची जोडी होती. प्रत्येकाजवळ २०० चिंचोके होते आणि समोर शेजारचा मुलगा, हातात काही असो वा नसो, डावामागून डाव रेज करणारा, म्हणजे लावायचे चिंचोके वाढवणारा. त्याने ६ चा रेज केला, पुतण्याने तेवढे भरले. इथवर सारे बरोबर होते. फ्लॉपवर, म्हणजे मध्ये उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, राजा, दश्शी आणि अठ्ठी उघडली. 'हा थापाच मारतोय' असे म्हणत पुतण्याने पुढे १०, मग ३०, मग ८० चिंचोके भरले आणि शेवटी समोर राजाची जोडी निघाली.

त्याचा संशय निराधार नव्हता, कारण जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर तीनांपैकी दोन वेळा काहीच लागत नाही. पण आक्रमक खेळाडू एकदा लावून थांबत नाही. खरेखोटे पाहायचे तर तीनदा किंमत मोजावी लागते, आणि आपला हात सुधारणाऱ्या पंज्या गड्डीत दोनच उरलेल्या असतात. फ्लॉपवर तिसरी पंजी येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के, म्हणजे साडेआठ डावांत एकदा. शिवाय अशा खेळाडूचा हात बहुधा पोकळ असल्यामुळे आपला सेट (हातातली जोडी आणि मधला तिसरा तसाच पत्ता) लागला तरी तो दर वेळी सगळे चिंचोके देत नाही. म्हणून जेवढे भरायचे त्याच्या १५ ते २० पट चिंचोके दोघांजवळही शिल्लक असावेत आणि शक्यतो आपली पाळी त्याच्यानंतर यावी. त्याने सुरुवातीलाच ४० लावले असते, तर जोडी टाकून देणेच शहाणपणाचे होते. सेट लागल्यावर मात्र लगेच उलटा रेज करू नये, त्यालाच लावू द्यावे, कारण त्याची खोड तेव्हा आपल्या कामी येते.

आपल्याजवळ मोजके चिंचोके उरले असतील, तर हिशेब पालटतो. तेव्हा नुसते भरत बसण्यापेक्षा आपणच आधी सगळे लावावेत. समोरचा पुष्कळदा डाव सोडतो, आणि एक्का-राजा घेऊन आला तरी पंजीची जोडी शंभरात सुमारे ५५ वेळा टिकते.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी असा एखादा हात हिशेबासह छापता आला, तर येत्या दिवाळीआधी आमच्या मुलांना तो कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येईल. याचा विचार व्हावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)