यमकाची घाई नको

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर गेले काही महिने प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या कविता छापून येत आहेत आणि मी त्या नियमितपणे वाचते. माझ्या नोकरीच्या काळात कविता शिकवणे म्हणजे पाठ्यपुस्तकातील कविता चालीवर म्हणवून घेणे आणि तिच्याखालचे प्रश्न सोडवून घेणे, एवढाच अर्थ बहुतेकांनी घेतला होता. मुलांनी स्वतः लिहावे म्हणून एखादा शिक्षक तास राखून ठेवतो, हे पाहून बरे वाटते. मात्र छापून येणाऱ्या बऱ्याच कविता एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात आणि तो साचा मोठ्यांनीच मुलांच्या हाती दिलेला असावा, अशी माझी शंका आहे.

ही शंका बोलून दाखवण्याआधी माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगायला हवी. तिसरीच्या वर्गाला मी ‘माझ्या दप्तरातील वस्तू’ असा विषय दिला होता. एका मुलाने दोनच ओळी लिहून दिल्या: “खोडरबर छोटा झाला. माझ्या चुका कुठे गेल्या?” बाकीच्यांनी पान भरून दिले असताना या दोन ओळी मला अपुऱ्या वाटल्या, शिवाय यमकही धड जुळत नव्हते. शाळेच्या हस्तलिखितासाठी मी त्या ‘सुधारल्या’. “खोडरबर माझा छान, राखतो वहीचा मान” अशी सुरुवात करून आठ ओळी जमवल्या आणि खाली त्याचे नाव घातले. हस्तलिखित वर्गात फिरले तेव्हा त्याने ते पान दोनदा वाचले, “बाई, ही माझी नाही,” एवढेच म्हटले आणि ते पुढच्या बाकावर सरकवले. चूक खोडताना रबर झिजतो, म्हणजे चुकाही कुठेतरी जातच असणार, हा त्याचा सरळ हिशेब होता आणि मी तो वहीच्या मानापानात बुडवला.

यमकाशी माझे वैर नाही. पण मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘आला, गेला, झाला’ किंवा ‘करतो, धरतो, फिरतो’ ही यमके काहीही खटपट न करता हाताशी येतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला “शेवट जुळला पाहिजे” असे सांगितले, की ते ओळीचा विचार शेवटाकडून करू लागते. मग पाऊस ‘आला’ की मोर नाचून ‘गेला’च पाहिजे, मुलाने मोर कधी पाहिलेला असो वा नसो.

त्यापेक्षा सुरुवात कानापासून करावी, असे मी सुचवेन. मराठीतील अभंगासारख्या रचना अक्षरांच्या मोजणीवर चालतात. थोरल्या अभंगाचे पहिले तीन चरण ६-६-६ अक्षरांचे आणि चौथा ४ अक्षरांचा असतो, अष्टाक्षरीत प्रत्येक चरणाला ८ अक्षरे असतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रा मोजणे या वयाला जड जाते, अक्षरे मोजायला मात्र टाळी पुरते. इथे वर्गात हमखास एक भांडण होते. ‘घर’ या शब्दाला मुले एकच टाळी वाजवतात आणि फळ्यावर तर अक्षरे दोन दिसतात! बोलताना शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण गिळून टाकतो, चालीवर म्हणताना तोच ‘अ’ पुन्हा उमटतो आणि टाळ्या दोन होतात. हे मुलांनी स्वतः म्हणून पाहावे आणि आपसांत वाद घालून ठरवावे, शिक्षकाने घाईने निकाल देऊ नये. माझा एक संपूर्ण तास एकदा ‘घर’ आणि ‘पाऊस’ या दोन शब्दांत गेला. त्या दिवशी एकही कविता लिहून झाली नाही आणि तो तास वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

लिहायला बसवताना विषयापेक्षा ओळीची सुरुवात द्यावी. केनेथ कोक या अमेरिकन कवीने १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका प्राथमिक शाळेत हाच मार्ग धरला होता. वर्गातील प्रत्येकाने एक ओळ द्यायची, प्रत्येक ओळ इच्छा सांगणाऱ्या ठरावीक शब्दांनी सुरू करायची आणि यमक जुळवायचे नाही, असे त्याचे नियम होते. ‘मला वाटतं’ किंवा ‘आधी मी... आता मी’ एवढ्या आधारावर तिसरीचे मूल बिनधास्त पुढे जाते, कारण कोरे पान भरण्याची भीती राहत नाही. ‘निसर्ग’ किंवा ‘आई’ असा विषय फळ्यावर लिहिला, की तेच मूल आजवर पाठ केलेल्या ओळी आठवू लागते.

पहिली-दुसरीच्या मुलांचा हात विचाराच्या मागे पडतो. वेलांटी पहिली की दुसरी, या गोंधळात ओळ हरवून जाते. अशा वेळी मुलाने सांगावे आणि शिक्षकाने जसेच्या तसे उतरवून घ्यावे, यात कमीपणा नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने वाचकांपर्यंत पोहोचली. आणि ती त्यांच्या बोलीत उतरवली गेली, हेही लक्षात घ्यावे. घरी बोलला जाणारा शब्द मुलाच्या ओळीत आला, तर त्यावर लाल शाई फिरवू नये. शुद्धलेखनाला वेगळा तास असतोच.

गुण, क्रमांक आणि स्पर्धा यांविषयी फार लिहीत नाही. क्रमांक आला की पालकांची लेखणी येते, आणि तिसरीच्या मुलाच्या कवितेत ‘जीवनसंग्राम’ उगवतो.

आपल्याला एक विनंती आहे. मुलांच्या पानासाठी आवाहन करताना यमकाची आणि किमान ओळींची अट घालू नये, मजकूर मुलाने दिला तसाच छापावा आणि दोन ओळींच्या कवितेलाही जागा द्यावी. ‘उत्कृष्ट कविता’ ही चौकट काढली, तर त्या जागेत अशा दोन-तीन कविता सहज बसतील.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका