तारवट्यांच्या मताची सोय करा

संपादक महोदय,

युद्धकाळात निवडणूक घ्यावी की नाही, असा विषय निघाला की अमेरिकेच्या १८६४च्या अध्यक्षीय निवडणुकीचा दाखला येतोच. यादवी युद्ध पेटलेले असताना ८ नोव्हेंबरला ठरल्याप्रमाणे मतदान झाले. ऑगस्टमध्ये खुद्द लिंकन यांनी पराभव गृहीत धरला होता. २ सप्टेंबरला बंडखोर दक्षिणेचे अटलांटा शहर पडले आणि वारे फिरले. अध्यक्ष ठरवणारी राज्यांची निर्वाचक मते लिंकन २१२, प्रतिस्पर्धी मॅक्लेलन २१. मात्र गोव्यासाठी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्या इथल्या तारवट्यांसाठी, त्या निवडणुकीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती रणांगणावरच्या मतदाराची.

बऱ्याच राज्यांनी छावणीतच मतदान घेतले. न्यू यॉर्कमध्ये सैनिकाने मतपत्रिका पाकिटात बंद करायची, मुखत्यारपत्रावर अधिकाऱ्याची साक्ष घ्यायची आणि सगळे टपालाने गावच्या विश्वासू मतदाराकडे धाडायचे. तो ते केंद्रावर नेऊन देई. घोळ झाला तो साक्षीच्या सहीत. अधिकाऱ्यांच्या खोट्या सह्या करून पाकिटे भरणारे एजंट बाल्टिमोरला पकडले गेले. लिंकन यांचा विजय या मतांवर अवलंबून नव्हता; पण त्याच ऑक्टोबरात मेरीलँडमध्ये गुलामगिरी रद्द करणारी राज्यघटना अवघ्या ३७५ मतांनी मंजूर झाली, आणि ती सैनिकांच्या मतांमुळेच.

आपल्या सांत आंद्रे मतदारसंघात २०२२ साली विधानसभेचा निकाल ७६ मतांनी लागला. सासष्टी, मुरगावातले कितीतरी तारवटी मतदानादिवशी दर्यावर असतात आणि त्यांना अजून टपाली मतदानही नाही. सैनिकांची ई-टपाल पद्धत त्यांना जशीच्या तशी लागू करून भागणार नाही. मतपत्रिका ऑनलाइन येईल, पण भरलेले पाकीट मतमोजणी सुरू होण्यापूर्वी टपालानेच पोचावे लागते. भर समुद्रातून ते धाडायचे कसे?

सैन्यदलातील मतदारांना प्रतिनिधीमार्फत मतदानाचाही पर्याय आहे. प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते, म्हणजे त्याचे स्वतःचे मत शाबूत राहते. तारवट्यांसाठी हाच मार्ग योग्य. जहाजावर चढण्यापूर्वीच नोटरीसमोर तारवटी आणि त्याचा प्रतिनिधी अशा दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि भरती एजंटाला त्यात अजिबात हात घालू देऊ नये. यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती लागेल; गोव्याच्या दोन्ही लोकसभा खासदारांनी पुढच्याच अधिवेशनात तिची मागणी करावी.

— एक वाचक, वास्को